एका डोळ्याची नोंद

अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचे नाव आपणांपैकी बहुतेकांच्या कानी गेले असेल. परंतु तो स्वतः अंध कसा झाला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही. पॅरिसपासून जवळच असलेल्या कूव्रे या गावी त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज तयार करीत. सन १८१२ च्या सुमारास हे तीन वर्षांचे पोर बापाच्या कामाच्या खोलीत शिरले आणि चामडे टोचण्याची आरी हाती घेऊन बापाचे अनुकरण करू लागले. आरी निसटली व एका डोळ्यात घुसली. गावात होते नव्हते ते उपचार झाले; परंतु डोळा सुजला, चिघळला आणि गेला. एवढ्यावरही दैवाचे समाधान झाले नाही. ज्या डोळ्याला आरीचा स्पर्शही झाला नव्हता, तो दुसरा डोळाही हळूहळू निकामी झाला आणि पाच वर्षांच्या सुमारास मूल पूर्ण अंध झाले.

आरीने केलेले छिद्र ते केवढे! तेवढी जखम बोटाला झाली असती तर चिंधी बांधून पोर खेळायला गेले असते. मग डोळ्याचाच असा सर्वनाश का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वैद्यकशास्त्राला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची कथा आज मी आपणांस सांगणार आहे. तिच्या मध्यभागी एक असा प्रसंग आहे की, ज्यात यश हाती येऊनही ते जगाला कळले नाही. माझ्या मते या साऱ्या कथेतील खरा धडा तोच आहे.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात ध्यानी घेऊ. नेत्रगोल म्हणजे एक बंद कोठडी होय. तिच्या पुढच्या बाजूस काचेसारखे पारदर्शक पटल, बाकी सर्व बाजूंनी पांढरी, चिवट भिंत. आत नेत्रभिंगाच्या मागे सुमारे चार घनसेंटिमीटर पारदर्शक, गोळीबंद असा रस भरलेला असतो. त्याला काचरस म्हणू. या काचरसात रक्तवाहिन्या नाहीत. त्यात रक्त खेळत असते तर आपणांस दिसलेच नसते. तेव्हा दृष्टीसाठी निसर्गाने केलेली ही योजना योग्यच आहे. परंतु तिची किंमतही मोठी आहे. शरीरात अन्यत्र कोठे जंतू शिरले तर रक्तातील पांढऱ्या पेशी शिपायांसारख्या तेथे धावून जातात. काचरसात त्यांना त्वरेने पोहोचावयास वाट नाही. जंतूंच्या दृष्टीने मात्र ही जागा म्हणजे ऊबदार, पौष्टिक व बिनपहाऱ्याचे कोठारच. एकदा दार फुटले की ते आत निर्वेधपणे वाढतात. शरीराचे शिपाई अखेर येतात तेव्हा त्यांच्या झटापटीतच नाजूक दृष्टिपटलाचा चुराडा होतो. शत्रू मरतो, पण घरही पडते.

ब्रेलच्या काळी यातील काहीच ठाऊक नव्हते. दुसऱ्या डोळ्याच्या नाशाचे कोडे तर अधिकच गूढ वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्लासगोचे नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी आपल्या नेत्ररोगांवरील ग्रंथात या प्रकाराचे पद्धतशीर वर्णन केले. एका डोळ्याला भेदक जखम होते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दुसरा, धडधाकट डोळा जणू पहिल्याच्या सहानुभूतीने सुजू लागतो. म्हणून या विकाराला सहानुभूतिजन्य नेत्रदाह असे नाव रूढ झाले. हा जंतूंचा खेळ नसून, जखमी डोळ्यातील एरवी झाकलेले घटक उघडे पडल्यामुळे शरीराची संरक्षक शक्तीच दोन्ही डोळ्यांवर उलटते, असे आज मानतात. ब्रेलचा दुसरा डोळाही याच कारणाने गेला असावा, असा आधुनिक वैद्यांचा तर्क आहे. हा विकार विरळा असला तरी त्याची दहशत मोठी होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्यात काही घुसले, पू झाला, की चांगला डोळा वाचविण्यासाठी जखमी डोळा काढून टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरला. शस्त्रवैद्याच्या हाती दुसरे होते तरी काय?

मॅकेन्झी यांच्याच ग्लासगो शहरात ऑगस्ट १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडक्या पायाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखम न चिघळता बरी झाली. सन १८६७ मध्ये लिस्टर यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रवैद्यकाचे युग पालटले. परंतु पायाला जे मानवते ते डोळ्याला मानवेलच असे नाही. कार्बॉलिक आम्लाचा तीव्र द्राव डोळ्यात घातला तर जंतूंआधी पारदर्शक पटलच भाजून निघते. नेत्रवैद्यांना म्हणून बोरिक आम्लासारखी सौम्य औषधे, उकळलेली हत्यारे, धुतलेले हात आणि स्वच्छ कापड यांवरच भिस्त ठेवावी लागली. त्यानेही मोठे काम झाले. सन १८८० च्या सुमारास लाइपत्सिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत रौप्य नत्रिताच्या द्रावाचा एक थेंब घालण्याचा प्रघात पाडला आणि जन्मतःच जडणाऱ्या नेत्रसंसर्गाचे प्रमाण त्यांच्या सूतिकागृहात दहा टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याच्याही खाली आले. किती डोळे त्या एका थेंबाने वाचले असतील!

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावरच उभा आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा आधी अभंग असतो. तो शस्त्रवैद्य स्वतः उघडतो. हत्यार स्वच्छ, हात स्वच्छ, पापण्या स्वच्छ, तर शत्रू आत जातोच कशाला? तेथे स्वच्छता हेच निम्म्याहून अधिक औषध. अपघाताची गोष्ट अगदी निराळी. लोहाराच्या छिन्नीची कपची, खाणीतील दगडाची ठिकरी, शेतातील काटा ही काही उकळून घेतलेली हत्यारे नव्हेत. माती, गवत, गंज यांसकट ती आत शिरतात. शस्त्रवैद्य येण्यापूर्वीच शत्रू गडात उतरलेला असतो. अशा वेळी दार स्वच्छ करून लावून घेतले म्हणजे शत्रूला आत कोंडल्यासारखेच होते. जखमी डोळ्याची दुरुस्ती करणाऱ्यापुढे म्हणून दोन कामे असतात: दार लावणे आणि आत शिरलेल्याचा बंदोबस्त करणे. एकोणिसाव्या शतकाला पहिले काम थोडेबहुत जमू लागले होते. दुसरे मुळीच जमत नव्हते.

यंत्रविद्येने आपल्या परीने साह्य केले. कारखाने वाढले तसे लोखंडाच्या कपच्या डोळ्यात जाण्याचे प्रमाणही वाढले. सन १८७९ मध्ये बर्लिनचे यूलियस हिर्शबर्ग यांनी हातात धरावयाच्या विद्युत्‌चुंबकाने अशी कपची बाहेर ओढून काढली. सन १८९२ मध्ये झ्यूरिचचे ओट्टो हाब यांनी एक प्रचंड चुंबक तयार केला. त्याच्यासमोर रुग्णाने डोळा धरला की आतील लोखंड आपण होऊन पुढे येई. पुढे १८९५ मध्ये राँटगेन यांच्या क्ष-किरणांचा शोध लागल्यावर आत कपची आहे की नाही, असल्यास नेमकी कोठे, हेही समजू लागले. परंतु चुंबक कपचीला ओढी. तिच्या अंगावर बसून आलेल्या जंतूंना ओढीत नसे. दगडाच्या ठिकरीला तर चुंबकाचा उपयोगच नाही. आणि डोळा पुवाने भरलेला असताना आत हत्यार घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. अशा डोळ्याला हात लावावयास शस्त्रवैद्य धजत नसत.

आता आपण इंग्लंडमधील शेफील्ड या गावी जाऊ. पोलादाचे कारखाने आणि भोवताली कोळशाच्या खाणी यांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. तेथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात १९३० मध्ये सेसिल पेन नावाचे एक तरुण विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकत असताना ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे विद्यार्थी होते. सन १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना एका बुरशीच्या रसात जंतूंची वाढ थांबविणारा गुण आढळला होता. त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले आणि १९२९ मध्ये त्यावर निबंधही लिहिला. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पेन यांनी मात्र दिले. त्यांनी गुरुजींकडून ती बुरशी मागविली, आपल्या प्रयोगशाळेत वाढविली, तिचा रस गाळून घेतला आणि रुग्णांवर वापरून पाहिला.

पहिला प्रयोग दाढीच्या केसांच्या मुळांशी होणाऱ्या हट्टी पुळ्यांवर झाला. तो फसला, कारण रस खोलवर उतरेना. मग पेन डोळ्याकडे वळले. डोळ्याच्या पृष्ठभागावर औषध थेट पोहोचते, हा त्यातला विचार. ज्या रोगासाठी क्रेडे यांनी आपला थेंब शोधला होता, त्याच रोगाने डोळे बुजलेली अर्भके त्यांच्यापुढे आली. नोव्हेंबर १९३० मध्ये बुरशीच्या त्या गाळीव रसाने एका अर्भकाचे डोळे धुतले गेले आणि ते बरे झाले. पेनिसिलिनने रोग बरा केल्याची आज उपलब्ध असलेली पहिली नोंद ती हीच. आणखीही काही अर्भकांना गुण आला. एका रुग्णाला आला नाही.

आणि याच काळात एका कोळशाच्या खाणीचा व्यवस्थापक तेथे आला. खाणीत दगडाची एक ठिकरी उडून त्याच्या डोळ्यात घुसली होती. जखमेत न्यूमोनियाला कारण होणाऱ्या जातीचे जंतू माजले होते. डोळ्याची अवस्था अशी की ठिकरी काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी तर संसर्ग आत पसरणार. न करावी तर ठिकरी आणि जंतू मिळून डोळा खाणार. ब्रेलच्या वेळेपासून ज्या कोंडीत शस्त्रवैद्य सापडत आले, तीच ही कोंडी. तिचा शेवट बहुधा डोळा काढण्यातच व्हावयाचा. पेन यांच्या बुरशीच्या रसाने डोळा वारंवार धुण्यात आला. संसर्ग ओसरला. मग शस्त्रवैद्याने निर्धास्तपणे ठिकरी काढली. डोळा राहिला आणि दृष्टीही राहिली.

श्रोतेहो, या घटनेचे महत्त्व आपण नीट जोखले पाहिजे. अपघाताने फुटलेल्या डोळ्यातील जंतूंचा आधी बंदोबस्त करावयाचा आणि मग दुरुस्ती करावयाची, हे ज्याला शतकानुशतके कोणाला साधले नव्हते, ते शेफील्डमध्ये १९३० साली साधले होते. ज्या द्रव्याने पुढे लक्षावधी प्राण वाचविले, ते माणसावर गुणकारी आहे याचा पुरावा रुग्णालयाच्या टिपणवहीत उतरला होता. परंतु तो त्या वहीतच राहिला. पेन यांनी या रुग्णांविषयी एक ओळही छापली नाही.

असे का झाले? त्यात दुष्टावा नव्हता, आळसही नव्हता. बुरशी लहरी होती. एकदा रस जोरकस उतरे, पुढच्या खेपेस पाण्यासारखा निघे. ते द्रव्य शुद्ध करण्याची रसायनविद्या त्यांच्यापाशी नव्हती. हाताखाली रुग्ण मोजके. इतक्यात त्यांचे काम बदलले आणि बाळंतरोगाच्या संशोधनाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. चारदोन रुग्णांवरून मोठा दावा करू नये, असा सावध शास्त्रज्ञाचा संकोचही असेल. यांतील प्रत्येक कारण आपणांस समजण्यासारखे आहे. किंबहुना आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही तेच केले असते. सन १९३२ मध्ये हॉवर्ड फ्लोरी हे शेफील्ड विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले व तीन वर्षे राहिले. पेन यांनी त्यांच्याजवळ या प्रयोगांची गोष्ट काढली होती, असे पेन पुढे सांगत. परंतु तोंडी सांगितलेली गोष्ट वाऱ्यावरची. त्या वेळी तिने मूळ धरले नाही.

हेच फ्लोरी पुढे ऑक्सफर्डला गेले. तेथे अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांच्या साह्याने त्यांनी फ्लेमिंग यांच्या निबंधापासून पुन्हा आरंभ केला. मे १९४० मध्ये उंदरांवरचा निर्णायक प्रयोग झाला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांचा पहिला रुग्ण म्हणून आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. तोंडावरच्या जखमेतून शिरलेल्या जंतूंनी त्याला पोखरून टाकले होते; एक डोळा तर आधीच काढावा लागला होता. औषध सुरू होताच चारपाच दिवसांत तो सुधारू लागला. पण देशभरात असलेला पेनिसिलिनचा साठा म्हणजे चमचाभर भुकटी! त्याच्या मूत्रातून औषध पुन्हा गाळून घेऊन ते त्याला परत टोचण्यापर्यंत मजल गेली. अखेर औषध संपले, जंतू पुन्हा उसळले आणि १५ मार्च १९४१ रोजी तो वारला.

शेफील्डच्या खाणवाल्याचा डोळा आणि ऑक्सफर्डच्या शिपायाचा डोळा यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर आहे. पेन यांनी तेव्हा दोन पाने छापली असती तर ही दहा वर्षे वाचली असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. द्रव्य शुद्ध करण्याची अडचण होतीच. परंतु अडचण आहे हे कळल्यावाचून ती दूर करण्यासाठी माणसे पुढे येत नाहीत. सन १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळाले. पेन यांचे नाव विस्मृतीत गेले. शेफील्ड विद्यापीठातील मिल्टन वेनराइट व हॅरल्ड स्वॉन या अभ्यासकांनी जुनी टिपणे हुडकून १९८६ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा छप्पन वर्षांनी त्या खाणवाल्याच्या डोळ्याची गोष्ट जगाला कळली. पेन तेव्हा हयात होते. आपण संधी ओळखली नाही, असा दोष ते वृद्धपणी कोणाला न देता स्वतःलाच देत. त्यांचा मोठेपणा मला त्यातच दिसतो.

पेनिसिलिन आले म्हणून डोळ्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. खाणवाल्याचा संसर्ग औषधाचे धावन पोहोचेल अशा ठिकाणी होता, हे त्याचे भाग्य. जंतू काचरसात उतरले असते तर? शिरेतून वा स्नायूतून टोचलेले पेनिसिलिन रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. पण नेत्रगोलाच्या उंबरठ्यावर अडते. डोळ्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती विलक्षण घट्ट विणीच्या असतात. काचरस निर्मळ ठेवण्यासाठी निसर्गाने घातलेली ही जाळी औषधालाही आत सोडत नाही. तेव्हा औषध थेट कोठडीतच न्यावे, ही कल्पना पुढे आली. सन १९४४ मध्ये लुड्विग फॉन सालमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये सशांच्या काचरसात पेनिसिलिन टोचून असे डोळे वाचविता येतात हे दाखविले. परंतु मात्रा थोडी चुकली तर औषधच दृष्टिपटल जाळते. त्यामुळे माणसांत हा उपाय रुळण्यास पुढे आणखी तीस वर्षे गेली. सन १९७० नंतर अमेरिकेत घोलाम पेमन प्रभृतींनी कोणते औषध किती मात्रेत डोळ्याला सोसते याची काटेकोर मोजणी केली आणि वाट मोकळी झाली.

या मात्रा ऐकल्या म्हणजे आश्चर्य वाटते. व्हँकोमायसिन नावाचे औषध अशा वेळी काचरसात टोचतात ते अवघे एक मिलिग्रॅम, आणि तेही घनसेंटिमीटरच्या एक दशांश द्रावात. या औषधाची कुळकथाही मोठी चमत्कारिक आहे. शेतातील जखमांबरोबर डोळ्यात जाणारा एक मातीतला जंतू अतिशय उग्र असतो. पेनिसिलिनला तो दाद देत नाही आणि एकदोन दिवसांत डोळ्याची राखरांगोळी करतो. त्यावर चालणारे हे व्हँकोमायसिन मुळात सापडले तेही मातीतच! सन १९५० नंतरच्या काही वर्षांत बोर्निओच्या अरण्यातून आलेल्या मातीच्या नमुन्यात ते निर्माण करणारा सूक्ष्मजीव आढळला. मातीनेच विष द्यावे आणि मातीनेच उतारा द्यावा, असा हा न्याय.

इकडे दार लावण्याच्या कामातही मोठी प्रगती झाली. शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक आला. मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाएवढा बारीक नायलॉनचा धागा आला. त्यामुळे फाटलेले पारदर्शक पटल पाणी झिरपणार नाही असे शिवता येऊ लागले. पापण्यांवरचे जंतू मारण्यासाठी आयोडीनयुक्त सौम्य द्राव १९८० नंतर प्रचारात आला. मात्र तो उघड्या जखमेतून आत जाऊ नये याची खबरदारी घ्यावी लागते.

एवढी साधने हाती आल्यावर प्रश्न उरला तो वेळेचा. सन १९९३ मध्ये अमेरिकेत, आत काही रुतून बसलेल्या ४९२ जखमी डोळ्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. चोवीस तासांच्या आत ज्यांची दुरुस्ती झाली, त्यांतील ३.५ टक्के डोळ्यांत आतून पू झाला. चोवीस तासांनंतर झाली, त्यांत हेच प्रमाण १३.४ टक्के निघाले. केवळ एका दिवसाच्या विलंबाने धोका जवळजवळ चौपट! पुढे २००७ मध्ये इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत जखमी झालेल्या ७९ डोळ्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. यांतील कपच्या काढावयास कित्येक दिवस लागले, तरी एकाही डोळ्यात पू झाला नाही; कारण जखम लवकर शिवली होती आणि जंतुनाशक औषधे आधीपासून सुरू होती. म्हणजे घाई हवी ती कपची काढण्याची नव्हे, तर दार लावण्याची आणि औषध देण्याची. त्याच वर्षी इराणमधील वैद्यांनी ३४६ जखमी डोळ्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष छापला. दुरुस्तीच्या अखेरीस काहींच्या डोळ्यात जंतुनाशक औषध टोचले, काहींच्या केवळ क्षारजल. क्षारजलाच्या गटात आठ डोळे चिघळले. औषधाच्या गटात एकच. हा लाभ विशेषेकरून आत काही रुतलेल्या डोळ्यांतच दिसून आला. सन २००९ मध्ये बॉस्टनच्या एका नेत्ररुग्णालयाने आपला अनुभव मांडला. प्रत्येक फुटलेल्या डोळ्याच्या रुग्णास अठ्ठेचाळीस तास शिरेतून औषध देण्याचा शिरस्ता ठेवल्यावर तेथे पू होण्याचे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली राहिले.

हे आकडे मी मुद्दाम सांगितले. ते उपजले कोठून? प्रत्येक रुग्ण केव्हा आला, काय घुसले होते, जखम केव्हा शिवली, पुढे काय झाले, हे कोणी तरी निष्ठेने लिहून ठेवले आणि छापले. त्यातून ते उपजले. एकेकटी नोंद क्षुद्र वाटते. चारपाचशे नोंदी एकत्र येतात तेव्हा त्यांतून नियम बोलू लागतो. शेफील्डला जे उणे पडले ते हेच.

आता ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांच्यासाठी चार शब्द बोलून पुरे करतो. आपल्याकडे विटीदांडूची विटी, खराट्याच्या काडीचा बाण, दिवाळीचा फटाका, उसाचे पाते व बाभळीचा काटा यांनी डोळे जातात. अशा वेळी घरातील वडील मंडळी मायेपोटी डोळ्यात तूप, मध वा दूध घालतात. कृपा करून असे काही करू नका. डोळा फुटल्याची शंका असेल तर तो चोळू नये, दाबू नये, धुऊ नये, आणि आत काही रुतले असेल तर उपटू नये. डोळ्यावर दाब न पडेल अशा बेताने, भोवतालच्या हाडावर टेकेल असे कागदी पेल्याचे बूड किंवा तत्सम कडक आच्छादन ठेवावे. रुग्णास खाऊपिऊ न घालता तडक नेत्ररुग्णालय गाठावे, कारण भूल देण्याची वेळ येऊ शकते. धनुर्वाताच्या लसीची आठवण ठेवावी. चुना वा तेजाब डोळ्यात उडाले असेल तर मात्र नियम अगदी उलट: जागच्या जागी, ताबडतोब, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि मगच निघावे. रात्र झाली आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये. त्या एका रात्रीची किंमत आपण आताच आकड्यांत ऐकली.

आरीने जखमी झालेले ते मूल आज एखाद्या नेत्ररुग्णालयात वेळेवर पोहोचले असते, तर त्याची जखम त्याच दिवशी शिवली गेली असती, औषध मिळाले असते, आणि बहुधा निदान एक डोळा तरी त्याला लाभला असता. मग ब्रेल लिपी झाली असती की नाही, असे कोणी विचारील. जगाला लिपी मिळाली म्हणून पोराचे डोळे गेले ते बरेच झाले, असे मला तरी म्हणवत नाही. एखाद्या आईबापाला तरी ते म्हणवेल काय? डोळा वाचविणे हेच मोठे. आणि तो कसा वाचला हे लिहून ठेवणे, हे त्याच्याच बरोबरीचे मोठे काम आहे.